पाठमोऱ्या आबांची खारपेठ

माझी आई समुद्राला तळं म्हणायची. “तळ्याकडं जाऊ नगं गं शाले, सांज झालीया,” असं ती दारातून ओरडायची आणि समोर अख्खा अरबी समुद्र पसरलेला असायचा. विट्याजवळच्या ज्या गावात ती जन्मली आणि ज्या गावात तिला दिली, त्या दोन्ही गावांत पाण्याचे दोनच प्रकार होते, विहिरीत असलेलं आणि विहिरीत नसलेलं. त्यामुळे एवढं थोरलं पाणी बघून तिला आनंद झाला नाही, रागच आला. “येवढं पाणी आन् चूळ भरायची सोय न्हाई. काय करायचं असलं?” असं म्हणून तिनं पहिल्याच दिवशी समुद्राकडची खिडकी लावून घेतली. ती वर्षभर उघडली नाही.

हे मुद्दाम सांगायचं कारण म्हणजे माझ्या कादंबरीतली खारपेठ. ती वस्ती वाचकांना एवढी आवडली की लोक अजून ती नकाशात शोधतात. परवाच सांगलीला एका कार्यक्रमात मालवणचे एक गृहस्थ मला खात्रीनं सांगत होते की खारपेठ म्हणजे त्यांच्या घरामागचीच वाडी, आणि मी ती त्यांना न विचारता उचलली आहे. उलट कादंबरी निघाली तेव्हा आमच्याच भागातले एक जाणकार म्हणाले होते, विट्याच्या बाईला कुठला आलाय समुद्र, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यांना मी तेव्हा उत्तर दिलं नाही. कादंबरीच्या आवृत्त्यांनी दिलं, आणि त्याचा मला अजून आनंद होतो, कशाला लपवू. पण खारपेठ मालवणात नाही, रत्नागिरीत नाही आणि नुसती माझ्या डोक्यातही नाही. ती कालिकतच्या किनाऱ्यावर आहे, आणि मी ती पहिल्यांदा सांगितली ती माझ्या आजोबांना, वाळूत उभं राहून, ढोलांच्या गोंगाटात. ही हकीकत मी कादंबरीत घातली नाही, कारण कुणी खरी मानली नसती. आता या वयात कोण काय मानतं याची मला पर्वा राहिलेली नाही.

आमच्याकडची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. जुनं सोनं विकत घ्यायचं, वितळवायचं, तेजाबात घालून त्यातलं तांबं-चांदी वेगळं काढायचं आणि शुद्ध सोनं सोनारांना द्यायचं, हा तो धंदा. कुणी कलकत्त्याला गेलं, कुणी मदुराईला. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, कालिकतला. दुकान पुढं, आम्ही मागं, मध्ये एक पडदा. पडद्याच्या पलीकडे भट्टीचा पंखा दिवसभर घुंई करायचा आणि अलीकडे आईचा स्टोव्ह. तेजाबाचा घशात रुतणारा वास, त्यावर बाहेर वाळत घातलेल्या माशांचा वास, आणि या दोघांनाही न जुमानणारा आईच्या खर्ड्याचा ठसका. शेजारी आमच्या खर्ड्याला शिंकायचे, आम्ही त्यांच्या माशांना नाक दाबायचो, त्यामुळे फिट्टंफाट. दुकानातला केर बाहेर टाकायचा नाही हा आमच्या धंद्याचा कायदा, कारण केरात सोन्याचे कण असतात. आई ही सवय घरातही पाळायची. मी किनाऱ्यावरून आले की ती दारातच माझे पाय झाडायची आणि पडलेली वाळू डब्यात भरून ठेवायची. अण्णा हसायचे, “आगं, टाक की ती भाईर. समदीकडं तेच पसरलंय.” त्यावर ती म्हणायची, “आसू द्या. कवा काय कामाला ईल, सांगता येतंय व्हय?”

मला मात्र ती वस्ती पहिल्याच आठवड्यात लागली. आमची गल्ली सरळ जाऊन वाळूत बुडायची. तिच्या तोंडाशी एक चहाची टपरी, तिथं म्हातारे कोळी जाळी विणत आणि सरकारला शिव्या देत बसलेले. पुढं पाण्यात घुसलेले जुन्या धक्क्याचे गंजके खांब, त्यांच्यावर बसलेले पक्षी, डावीकडे दीपगृह. पहाटे होड्या लागल्या की माशांचा लिलाव सुरू व्हायचा, त्या आरडाओरड्यानं मला जाग यायची, आणि त्यातच कधी बांग, कधी देवळातला ढोल मिसळायचा. खोबरं वाळत घातलेलं असलं की सगळ्या गल्लीला गोडसर वास. खाऱ्या वाऱ्यानं कुलपं गंजायची, म्हणून कुणी कुलूपच लावत नसे, फक्त आम्ही लावायचो, आणि महिन्याला एक कुलूप फोडायचो. शाळा मल्याळममध्ये होती. ती भाषा मी वर्गात शिकले त्याच्या दुप्पट वाळूत शिकले, त्यातही शिव्या आधी. खारपेठेत एकही माणूस सभ्य बोलत नाही अशी तक्रार एका वाचकानं केली होती. मी काय करू, ऐकलं ते लिहिलं.

आईचं तसं नव्हतं. तिला भाषा येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. गलाईवाल्यांच्या पाच-सहा बायका आसपासच्या गल्ल्यांत होत्या, सगळ्या आमच्याच गावच्या किंवा भावकीतल्या, पण त्याही अशाच आपापल्या पडद्यामागं. आईचा खरा शत्रू होता दमट हवा. गावाकडून कुणी आलं की ज्वारीचं पीठ आणायचं. ते पीठ आठ दिवसांत ओल धरायचं, मग भाकरी थापताना कडेनं चिरायची, तव्यावर टाकताना मोडायची. भाकरी मोडली की आई रडायची. भातावर जगणाऱ्या गावात ज्वारीच्या भाकरीसाठी रडणारी बाई, याचं मला तेव्हा हसू यायचं. आज विट्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात नारळाचं तेल संपलं की मी जो गोंधळ घालते, तो बघून माझी सून तशीच हसते.

शेवटी अण्णांनी ठरवलं. “तुला हितलं मानवत न्हाई. आबा येणार हायत श्रावण सरता सरता. त्यांच्यासंगं तुमी दोघी गावाकडं जावा. घर बांधून ठेवलंय नवं, आन् उंबऱ्यावर दिवा लावायला बाई न्हाई.” आबा म्हणजे माझे आजोबा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आजी गेल्यापासून गलाईच्या पैशातून बांधलेल्या त्या मोठ्या घरात ते एकटे राहायचे. अण्णांचं म्हणणं रास्तच होतं. पण मला वाटलं, कुणी माझा हात धरून मला पाण्यातून ओढून कोरड्यावर टाकतंय. मी आईला विचारलं, “तुला जायाचंय का?” ती स्टोव्हला पंप मारत म्हणाली, “मला कोण इचारतंय?”

याच सुमारास जानूचेची आमच्या आयुष्यात आली. चेची म्हणजे तिकडे ताई. ही कोळीण होती, काळीभोर, उंच, कमरेला लुंगीसारखं मुंडू आणि तोंडात कायम पान. दारोदार मासे विकून परतताना ती रिकामी पाटी घेऊन आमच्या पडवीत सावलीला टेकायची. सुरुवातीला आई ती गेली की तिथं बादलीभर पाणी ओतायची. जानूचेचीला ते कळलं होतं. ती मुद्दाम जास्त वेळ बसायची. एक दिवस तिची पाटी भरलेली होती आणि डोक्यावर चढवून द्यायला कुणी नव्हतं. तिनं आईला हाक मारली. आई आधी नाक मुरडत उभी राहिली, मग पदर तोंडाला लावून पुढं आली आणि दुसऱ्या हातानं, एकाच हातानं, ती पाटी उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. जानूचेची पानाची पिंक टाकायचीच विसरली. मला म्हणाली, “विचार तुझ्या आईला, घरी काय खाते?”

मी विचारलं. आई म्हणाली, “तिला सांग, ज्वारी. आन् म्हणावं, लगीन झाल्यापासनं कडब्याच्या पेंढ्या उचलल्यात, तुजी पाटी काय लागून गेली.”

तेव्हापासून रोज दुपारी पडवीत दोघींच्या गप्पा सुरू झाल्या आणि मी मध्ये दुभाषी. जानूचेचीनंच आईला सांगितलं की पीठ हंड्यात चुन्याच्या खड्यांची पुरचुंडी घालून ठेव, ओल धरणार नाही. आईनं तिला शेंगदाण्याची चटणी दिली, ती जानूचेचीनं माशाच्या कालवणात घातली, आणि आईला सांगितलं तर आईनं कपाळावर हात मारला. पण हसली. समुद्राकडची खिडकी त्या आठवड्यात उघडली, जानूचेची येताना लांबूनच दिसावी म्हणून.

ओणम जवळ आला. तिकडचा तो दिवाळीएवढा सण. वस्तीतलं मंडळ किनाऱ्यावर खेळ ठेवायचं आणि त्यातला मोठा खेळ म्हणजे रस्सीखेच. बायकांच्या रस्सीखेचीत जानूचेचीची टोळी इतकी दांडगी होती की वर्षानुवर्षं त्यांच्यासमोर कुणी उभंच राहत नव्हतं. बक्षीस म्हणून ठेवलेला केळीचा घड त्या नुसत्या जाऊन उचलून आणायच्या. जानूचेचीला याचा कंटाळा आला होता. ती आईला म्हणाली, “तुमच्या बायका घेऊन ये. हरा, पण ओढा तरी.”

आईनं थोडा वेळ विचार केला. मग म्हणाली, “न्हाईतरी आता जायाचंच हाय. जाताना हिला येकदा वढून जाते.”

अडचण एकच, आबा त्याच आठवड्यात आले. पांढरा फेटा, पिळदार मिशा, हातात काठी आणि तोंडात फौजेतली हिंदी. आल्या आल्या त्यांनी फर्मान सोडलं, “सूनबाई, ट्रंक भरून ठिवा. ओणम का फोणम झाला की तिसऱ्या दिशी फाटंच्या गाडीनं निघायचं.” आईनं ट्रंक भरली. माझी शाळेची पुस्तकं तळाशी गेली, कारण गावाकडे ती कुणाला वाचता येणार नव्हती. अण्णांनी रस्सीखेचीचं ऐकलं तेव्हा ते पांढरे पडले. “आबा घरात असताना? डोकं फिरलंय का तुजं?” आई म्हणाली, “मामंजी दुपारचे निजत्यात. तेवढ्यात वढून येते.”

ओणमच्या दिवशी जेवणं झाली, आबा पडवीत आडवे झाले, घोरू लागले, आणि आमच्या घरातून आई, आणि आजूबाजूच्या घरांतून बाकीच्या बायका अशा किनाऱ्याकडे निघाल्या की जणू चोरीलाच चालल्यात. सगळ्यांची लुगडी, डोक्यावर पदर, पायांत काही नाही. गर्दीनं आधी त्यांना वाट दिली आणि मग हसायला लागली. पलीकडे जानूचेचीच्या बायका दोराला हात लावून तयारच होत्या. शिट्टी झाली. आमच्या बायका पहिल्यांदा फरफटत पुढं गेल्या, मग त्यांनी टाचा रोवल्या, आणि दोर थांबला. गर्दीचं हसू बंद झालं. आई सगळ्यांत पुढं होती. मला तिच्या दंडाची शीर दिसत होती. हळूहळू, अगदी बोटाबोटानं, दोर आमच्याकडे यायला लागला.

आणि तेवढ्यात गर्दीच्या डोक्यांवर पांढरा फेटा दिसला. ढोलांनी आबांना जागं केलं होतं, आणि ढोल वाजतोय म्हणजे काहीतरी मोहीम आहे या समजुतीनं ते काठी टेकत आले होते.

आईनं फेटा पाहिला. ओढताना तिचा पदर खांद्यावर आला होता. सासऱ्यासमोर डोकं उघडं! तिनं दोन्ही हातांनी दोर सोडला आणि पदर सावरला. आबा भावकीच्या नाहीतर गावकीच्या नात्यानं त्या सगळ्याच बायकांचे सासरे लागत होते. त्यामुळे एका क्षणात आमच्या झाडून सगळ्या बायकांनी दोर सोडला आणि पदर डोक्यावर घेतले. पलीकडे जानूचेचीची अख्खी टोळी धप्पकन एकमेकींच्या अंगावर पाठीवर पडली. सुरुवातीला कुणाला काही कळलं नाही. मग किनाऱ्यावर असं हसू फुटलं की ढोलवाल्यानं ढोल थांबवला. तीन फेऱ्यांतली पहिली त्यांची झाली.

जानूचेची वाळू झाडत उठली ती भडकलेलीच. जिंकली होती, पण असलं जिंकणं तिला नको होतं. तिनं माझी वेणी धरून विचारलं, “का सोडला दोर?” मी सांगितलं, तो फेटेवाला म्हातारा आमचा आजोबा आहे, त्याच्यासमोर डोकं उघडं ठेवत नाहीत. ती तडक आबांसमोर जाऊन उभी राहिली आणि मल्याळममध्ये त्यांना म्हणाली, “म्हाताऱ्या, एक तर तू जा, नाहीतर तुझी रीत जाऊ दे.” आबांनी माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणतीया ही?” मी त्यातलं म्हाताऱ्या गाळून बाकीचं सांगितलं.

आबांनी आईकडे बघितलं. आई पदराचं टोक दातांत धरून मान खाली घालून उभी होती. वाळू तिच्या घोट्यापर्यंत चिकटली होती. मला वाटलं, आता काठी उचलतील आणि सगळ्यांना घराकडे हाकतील. त्यांनी काठी वाळूत रोवली. मग म्हणाले, “मैदान सोडून आमी कवा गेलो न्हाई, आता बी जायाचं न्हाई.” आणि छाती काढून, टाचा जुळवून, त्यांनी स्वतःलाच हुकूम दिला, “पीछे मुड!” गर्रकन वळले आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. “हं. वढा आता. शाले, हितं हुबी ऱ्हा. तू तिकडं बग आन् मला रिपोर्ट दे.”

अशी आमची जोडी उभी राहिली. ते समुद्राकडे बघतायत, मी दोराकडे, दोघांचे खांदे शेजारी आणि तोंडं उलट्या बाजूंना. आमच्या बायकांनी पदर कमरेला गच्च खोवले. आईचं मोकळं डोकं मी घराबाहेर त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“आपली पोझिशन सांग,” आबा म्हणाले.

“आई पुढं हाय.”

“पुढं म्हंजी? पाय कुटं हायत? वाळू कसली हाय, वली का कोरडी?”

“वली. पाय रुतल्यात.”

“किती?”

“घोट्यापत्तोर. आन् ती मागं झुकलीया, बैल नांगराला झुकतोय तशी, पर उलटी.”

“आस्सं. आन् दुश्मन?”

मी म्हणाले, त्या राक्षसिणीसारख्या दिसतायत, डोळे लाल, दात बाहेर. आबांनी काठी वाळूत आपटली. “तिखटमीठ लावू नगं! जे दिसतंय ते सांग. मला हितनं येक होडी सोडून काय बी दिसंना.”

मग मी दिसलं ते सांगायला लागले. जानूचेचीनं पान थुंकून टाकलं ते सांगितलं. आमच्या बायकांतल्या सुलाकाकीच्या हातातली बांगडी फुटली आणि तिनं तिकडे बघितलंसुद्धा नाही ते सांगितलं. टपरीवाला किटली हातात घेऊन तसाच आला होता आणि चहा त्याच्या पायावर सांडत होता, तेही सांगितलं. आणि मला एक गोष्ट ध्यानात आली. मी “सरकल्या, पुढं सरकल्या” म्हणाले की आबांची काठीवरची बोटं पांढरी व्हायची. “थांबल्या” म्हणाले की त्यांचा श्वास सुटायचा. त्यांना काहीच दिसत नव्हतं, आणि तरी ते माझ्यापेक्षा जास्त बघत होते. ते काय बघतील ते माझ्या तोंडातून येणाऱ्या शब्दावर ठरत होतं. मला पार हुरूप आला. खरं सांगते, आयुष्यात पुढं कौतुकं झाली, हार-शाली मिळाल्या, पण त्या फेट्याखालच्या मानेवरची ताठलेली शीर बघून जे वाटलं, ते परत वाटलं नाही. मी आजही लिहायला बसते तेव्हा समोर कुणीतरी पाठमोरं उभं आहे असं धरून लिहिते. त्याला तिखटमीठ चालत नाही, आणि वाळू ओली का कोरडी हे आधी सांगावं लागतं.

दुसरी फेरी आम्ही जिंकलो. मी सांगितलं तेव्हा आबा नुसतं “हं” म्हणाले, पण त्यांनी मिशीला हात लावला.

तिसरी फेरी सुरू झाली तेव्हा आमच्या बायकांचा दम गेला होता. जानूचेचीची टोळी रोजची जाळी ओढणारी, त्यांना हे नवं नव्हतं. त्यांची माणसं “वली! वली!” ओरडत होती, म्हणजे तिकडच्या भाषेत ओढा, ओढा. दोर पलीकडे जायला लागला. “आबा, चाललं,” मी म्हणाले. “आईचा पाय सुटला. परत रोवला. परत सुटला.” पुढचं सांगायचं मी थांबवलं. मला दोर दिसत नव्हता, दारातली ट्रंक दिसत होती. आज या बायका हरल्या की आई पडद्यामागं जाईल, पदर घेईल आणि परवाच्या गाडीत बसेल, असं माझ्या मनानं घेतलं होतं. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी तसा काही संबंध नव्हता. पण मला तो लख्ख दिसत होता.

“शाले, रिपोर्ट थांबवायचा न्हाई!”

आणि तेवढ्यात आई ओरडली. सासऱ्याच्या कानावर जिचा आवाज कधी पडला नव्हता, ती माझी आई मान वर करून, सगळा किनारा ऐकेल अशी ओरडली, “जोतिबाच्या नावानंऽऽ”

आमच्या मुलखातल्या माणसाच्या कानावर एवढं पडलं की पुढचं त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडतं. त्याला थांबवता येत नाही. बायका तर म्हणाल्याच, पण माझ्या शेजारून, समुद्राकडे तोंड केलेल्या आबांच्या छातीतून तोफेसारखं आलं, “चांगभलंऽऽ!”

त्या एका शब्दावर सगळ्यांचे हात एकदम बसले आणि दोर हातभर आमच्याकडे आला. आई परत ओरडली. आबा परत गरजले. परत हातभर. आता टपरीवाल्यानंही सूर धरला, त्याला अर्थ माहीत नसताना. मग पोरांनी, मग जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्यांनी. कालिकतच्या किनाऱ्यावर ओणमच्या दिवशी सगळी वस्ती चांगभलं म्हणत होती, आणि प्रत्येक वेळी जानूचेची हातभर आमच्याकडे घसरत होती, डोळे वटारून, शिव्या देत आणि हसत. शेवटच्या झटक्याला ती रेषेवरून सरळ आईच्या अंगावर आली आणि दोघी वाळूत कोसळल्या.

मी रिपोर्ट विसरून उड्या मारायला लागले.

“रिपोर्ट दे!” आबा ओरडले.

“जिंकलो, आबा.”

त्यांनी डोळे मिटून घेतले आणि उघडले. वळले मात्र नाहीत. “पदर घेतलं का समद्यांनी?”

मी बघितलं. आई वाळूत बसली होती, अंबाडा सुटलेला, जानूचेचीचं डोकं तिच्या मांडीवर, आणि ती तोंड उघडून, अगदी पडजीभ दिसेल अशी हसत होती. असं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. हेही मी आबांना सांगितलं, जसं दिसलं तसं. आणि म्हणाले, “पदर अजून न्हाई घेतला.”

“मग ऱ्हाऊ दे,” आबा म्हणाले. “मला काय घाई न्हाई.” आणि ते समुद्राकडे बघत राहिले. ऊन कलायला लागलं तरी त्यांनी मान वळवली नाही.

केळीचा घड आमच्या घरी वाजतगाजत आला. वाटेत प्रत्येक दारात थांबून केळी वाटली, त्यामुळे आमच्या पडवीत पोचला तेव्हा नुसता दांडा उरला होता. अण्णा आबांच्या नजरेला नजर देत नव्हते. आबा रस्सीखेचीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. आई नेहमीसारखी पदर घेऊन वावरत होती, आणि भरलेली ट्रंक दारात होती तिथंच होती. दुसरा दिवस तसाच गेला. अण्णांनी गाडीची चौकशी करून ठेवली. जानूचेची आली, ट्रंक बघितली आणि पाटी खाली न ठेवताच निघून गेली.

तिसऱ्या दिवशी पहाटे आई भाकऱ्या थापायला बसली. आबा फेटा बांधून, बूट घालून तयार झाले, आणि स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभे राहून खाकरले. आईनं पिठाच्या हातानंच पदर ओढला.

“सूनबाई, वाटंला भाकरी बांध.”

“व्हय, मामंजी. किती बांधू?”

“किती म्हंजी? येकट्या माणसाला किती लागत्यात?”

आईचे हात परातीत थांबले. पडद्यापलीकडे अण्णा उभे होते, तेही हलले नाहीत. मग आई म्हणाली, “आन् मामंजी, घरात दिवा...”

“लावीन की मी. फौजेत काय बायकू हुती व्हय दिवा लावाय?” आणि मग जरा थांबून, आवाज खाली आणून, “तू हितं पाय रोवल्यात, पोरी. ते उपटून मी नेऊ कुटं?”

परातीत भाकरी थापल्याचा आवाज परत सुरू झाला, आधी हळू, मग जोरात. मी ट्रंकेकडे धावले, कडी काढली आणि वरचे सगळे कपडे उपसून जमिनीवर फेकत तळातली पुस्तकं शोधायला लागले. एवढा पसारा केला तरी आई त्या दिवशी मला एका शब्दानं रागावली नाही.